अकरा पत्रे

पंप माझा, आंब्याच्या फवारणीचा.
मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी घेतलेला.
यंदा मार्च सरताना तीनदा धुतला
आणि त्यात भरलं भांड्यांच्या साबणाचं पाणी,
काटेज हॉस्पिटलच्या छपरावर मारायला.
रोज सातशे. जेवण घरचं.

दाभोळ बंदरावरून चढण चढून गेलं
की डाव्या हाताला ते. बारा वर्षं कुलूप.
आता डायलिसिस होणार म्हणतात, सहा खाटांचं,
आठवड्यातून दोनदा चिपळूण गाठायला नको.
पण आधी पत्रे उतरायला हवेत.

"सुका तोडायचा नाही," वझरकर बाई म्हणाल्या,
"ओला करा, ओलाच ठेवा,
आख्खा उतरवा, हळू."
जसं काही खाली अजून
कुणी सलाइन लावून निजलंय.

पांढरा झगा, पांढरी टोपी,
गालांवर मास्कचे दोन डबे.
फाटकाबाहेर पोरं ओरडली, संकासुर! संकासुर!
काळा नसला म्हणून काय झालं.
दुपारी बूट काढला की घाम ओतून घ्यायचा.

दोन नंबरच्या वॉर्डात आई आया होती,
एकोणीस वर्षं.
पत्र्यांतून भुगा गळायचा,
खाटांवर, माठाच्या झाकणावर,
बाळंतिणींच्या केसांत.
ती त्याला पीठ म्हणायची.
"आज वाऱ्यानं लय पीठ पाडलं,"
आणि केरसुणी उचलायची.
सुकी.
घरी आल्यावर पदर झटकायची ओट्यावर
आणि मी तिथेच, तिच्या पायांशी, गोट्या मांडून.

हे मी बाईंना सांगितलं नाही.
बॉयलरच्या पाइपावरचं गुंडाळलेलं सोडवताना
त्या आपणहून म्हणाल्या,
"दिसतो तो भुगा एक वेळ बरा.
न दिसणारा वाईट, तो आत जाऊन बसतो.
तीस-तीस वर्षं गप्प."
मी पंपाचा दांडा हलवत राहिलो.

आईला दमा होता.
दाखल्यावर तसंच लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी गनीभाई मुकादम टेम्पो घेऊन आले.
"एवढे धड पत्रे, प्लास्टिकात गुंडाळून
तळोज्याला नेऊन पुरणार?
माझ्या जाळ्यांच्या खोपीला द्या की."
बाईंनी पाऊण तास समजावलं,
आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.
गनीभाईंनी सगळं ऐकून घेतलं.
निघताना माझ्याकडे वळले,
"तुझ्या पडवीवर कुठले रे, सुहास?"

इथलेच.
चौऱ्याण्णवला प्रसूतीची खोली दुरुस्त झाली,
जुने पत्रे लिलावात निघाले.
आईनं अकरा घेतले, पगारातून कापून.
टेम्पोचे पैसे वाचवले.
डोक्यावर चुंबळ, त्यावर पत्रा, अकरा खेपा,
चढणीवरून खाली, देवळामागून, आमच्या वाडीत.
शेवटच्या खेपेला हसत आली होती.
त्या पावसाळ्यात पहिल्यांदा
चुलीवर थेंब पडला नाही.

शेवटच्या दिवशी विचारलं बाईंना,
घरावरचे अकरा उतरवायचे तर काय पडेल?
त्यांनी मोबाइलवर हिशेब केला,
आकडा सांगितला,
मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या,
"तोवर भोक पाडू नका. शेवाळ घासू नका.
आतून रंगाचा जाड हात द्या."

वॉर्डाच्या भिंतींना आणलेला रंग
अर्धा डबा उरला होता, पोपटी.
तो दिला त्यांनी. पैसे घेतले नाहीत.

काल रविवार. आधी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं,
सुकू दिलं, मग फळी टाकून उताणा झालो.
डोळ्यांच्या वर वीतभर अंतरावर पत्रा,
त्याच्या कडेला खडूनं काढलेला आकडा, २,
वॉर्डाचा की खेपेचा, कोण सांगणार.
त्यावरून कुंचला फिरवायला हात होईना.
त्याच्या भोवतीनं रंगवलं.

सात झाले.
रंग संपला.
उरलेले चार नेमके चुलीवरचे.